लेकरांच्या हाती कोणतं पुस्तक द्यावं?

धानाचं बियाणं आम्ही पेरण्याआधी तपासतो. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं न् बियाणं त्यात टाकायचं. पोचट दाणे वर तरंगतात, भरीव तळाशी बसतात. तळाचं धुऊन, सावलीत वाळवून पेरायचं. दुकानदार कितीही ओळखीचा असो, ही तपासणी चुकवायची नाही. लेकरांसाठी पुस्तक घेताना मात्र आपण चित्र पाहतो, किंमत पाहतो न् मोकळे होतो.

परी-राक्षसाच्या गोष्टींना माझा विरोध नाही. बोलणारा कोल्हा ही गोष्ट आहे, हे लहान लेकरालाही कळते. भीती वाटते ती माहितीचं सोंग घेतलेल्या पुस्तकाची. साप दूध पितो, डूख धरतो, असं रंगीत चित्रासकट छापलेलं असते. आमच्या सिहोऱ्याकडे हे पुस्तकातच राहत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत, धुऱ्यावर नाग, मण्यार, घोणस निघतात. चावला की अजूनही काही घरं आधी मांत्रिकाकडे धावतात. मांत्रिकाचं नाव होते कसं? बरेच साप बिनविषारी. विषारी सापही दर चाव्यात विष सोडतोच असं नाही. असा रोगी मंत्राविनाही वाचला असता. तो गावभर मांत्रिकाचे गुण गातो. मेलेला काही सांगायला येत नाही. विष चढलं असेल तर औषध एकच, दवाखान्यातली सापाच्या विषावरची लस. हा हिशेब लेकराला मांडता आला तर एखादा जीव वाचेल.

जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये असाच हिशेब मांडला होता. हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका ओळखायला दिल्या. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. छापा-काटा केला तरी पन्नासाच्या आसपास येते! यात कोणाला शिवी नाही, टिंगल नाही. पुस्तक असं पाहिजे. अंधश्रद्धेविरुद्धची काही पुस्तकं आजीला येडी ठरवतात. त्यातून लेकरू हसायला शिकते, विचारायला शिकत नाही. आणि ‘विज्ञान सांगते म्हणून मान’ हाही एक मंत्रच झाला.

लोक म्हणतात, लेकरांना शंका शिकवली तर मोठ्यांचा मान राहील काय? मला वाटते, मान माणसाचा ठेवावा, तपासणी बोलण्याची करावी. घटनेच्या 51 अ कलमानं तर वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्यच सांगितलं आहे. पण प्रश्न विचारणं सोपं नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. मग हे ओझं लेकरांवर टाकावं काय? टाकावं. न विचारण्याचीही किंमत असते, आणि ती धुऱ्यावर साप चावलेला माणूस मोजतो.

म्हणून तुमसरला पुस्तक घेताना मी दोनच गोष्टी पाहतो. लिहिणारा ‘हे कशावरून?’ ते सांगतो काय? आणि लेकराला स्वतः करून पाहता येईल असं त्यात काही आहे काय?

मुंग्या अंडी हलवायला लागल्या की पाऊस येतो, असं मी घरी सांगत असतो. नातीनं वही केली आहे. मुंग्यांनी अंडी कधी हलवली, पाऊस कधी आला, असे दोन रकाने. “आबा, तुमचं खरं निघते काय ते पाहू,” म्हणते. रकाने अजून भरायचे आहेत.