फळीवरचा सुटा भाग कोणाचा?

टंचाईच्या काळात धान्य किंवा औषध दडवून ठेवणे हे पाप आहे, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ज्यावाचून शेजाऱ्याचे प्राण संकटात पडतील ती वस्तू कोंडून ठेवणाऱ्याला लोक नावे ठेवतात आणि कायदाही शासन करतो. परंतु जी वस्तू जीवनावश्यक नाही, केवळ हौसेची आहे, आणि तरीही दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे, तिच्याविषयी काय म्हणावे? तिचा एक जादा नग एकाच्या फळीवर पडून आहे आणि त्याच नगावाचून दुसऱ्याचे काम अडले आहे, तर त्या दुसऱ्याचा पहिल्यावर काही हक्क पोहोचतो काय? बरकतपुऱ्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या जुन्या मोटारीमुळे हा प्रश्न आमच्यापुढे आला. तो वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि त्याचा विचार करता करता आम्ही बरेच खोल गेलो, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या या स्नेह्यांकडे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तरुण वाचकांसाठी तिची थोडी ओळख करून देणे योग्य होईल. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिने मुंबईत कुर्ला येथे मोटारी बनवल्या. १९६४ पासून निघू लागलेली फियाट अकराशे हीच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सी.सी.चे छोटे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाक, असे तिचे साधे रूप. परवान्यांच्या त्या काळात पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे घरी आलेली गाडी कुटुंबातील माणसासारखीच वागवली जाई. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली, आणि त्या शहराच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली.

गाडीचे उत्पादन थांबले तरी तिचे सुटे भाग लगेच संपत नाहीत. प्रथम दुकानदारांकडील शिल्लक माल विकला जातो. मग भंगारात गेलेल्या गाड्यांतून भाग काढले जातात. मुंबईत हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्यासाठी भाग बनवणारेही होते आणि मोडीत निघालेल्या टॅक्सींतून भाग मिळतही होते. आता तो झराही आटला. सिकंदराबादच्या राणीगंजात पूर्वी जे सहज मिळे त्यासाठी आज दुकानदार नुसती मान हलवतात. गुरुवारच्या जुमेरात बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगातून काही हाती लागले तर ते नशीब. त्यातच पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलमुळे जुन्या पद्धतीचे रबरी पडदे व सील लवकर खराब होतात. म्हणजे भाग कमी होत असता त्यांची गरज मात्र वाढली आहे.

आमच्या स्नेह्यांच्या वडिलांना हे पुढचे दिवस दिसले असावेत. त्यांनी हयातीत मुंबईहून थोडे थोडे भाग आणून कोठीच्या फळीवर नीट मांडून ठेवले. प्रत्येक खोक्यावर त्यांच्या हातचे नाव व तारीख आहे. त्यात इंजिनाभोवती पाणी खेळवणारा एक नवा कोरा वॉटर पंप होता. गाडी चालती ठेवीन, असा शब्द मुलाने वडिलांना त्यांच्या अखेरच्या आजारात दिला होता.

अशा स्थितीत उदगीरहून एक गृहस्थ विचारपूस करीत आले. त्यांच्या मुलाने घरची बंद पडलेली पद्मिनी स्वतः खपून उभी केली होती. सारे जमले होते, अडले होते ते वॉटर पंपापाशी. दोन वर्षे त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारापासून मुंबईपर्यंत शोध केला होता. आमच्या स्नेह्यांची गाडी तेव्हा ठीक चालत होती. पंप द्यावा की ठेवावा? त्यांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि आम्हा चार मित्रांना बोलावले.

एक जण म्हणाले, "देऊ नका. आज दिलात आणि उद्या तुमचाच पंप गेला, तर जगातील दुःख काही कमी झाले नाही. ते उदगीरहून बरकतपुऱ्याला आले, एवढेच." दुसरे म्हणाले, "शब्द वडिलांना दिला आहे. उदगीरच्या गृहस्थांना काही दिलेला नाही." दोन्ही बोलणी हलकी नव्हती. मृताला दिलेला शब्द मोडणे सोपे असते, कारण जाब विचारायला तो येत नाही. यास्तव तो अधिक जपावा लागतो. आणि दूरदृष्टीने केलेली तरतूद ही कृपणता नव्हे. आपल्या आज्यांनी पावसाळ्यापूर्वी कोठी भरून ठेवली नसती तर घरे चालली नसती.

पवित्र शास्त्रात धान्य साठवणारी दोन माणसे आहेत. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत कोठारे भरली, आणि प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील धनवानानेही आपली कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत केला. एकाला शहाणा म्हटले आहे, दुसऱ्याला मूर्ख. धान्य तेच, कोठारे तशीच. दुष्काळ आला तेव्हा योसेफाने कोठारांची दारे उघडली. धनवानाच्या बेतात मात्र दुसऱ्या कोणा माणसाचे नावच नव्हते. तेव्हा साठा करावा की न करावा, हा मूळ प्रश्न नव्हे. दार कधी उघडायचे हे आपण साठवतानाच ठरवले आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारले पाहिजे.

या विचाराला यंत्रशास्त्राचीही एक जोड आहे. फळीवर ठेवलेली वस्तू आहे तशीच राहते, हा आपला भ्रम असतो. लोखंडाला तेल लावून ठेवले तर ते टिकते. परंतु रबर न वापरताही म्हातारे होते. हवा, उष्णता व प्रकाश यांमुळे ते कडक होऊन त्याला चिरा पडतात. वीस वर्षे जपलेले ब्रेकचे रबर बसवायला घ्यावे आणि ते बोटांत तुटावे, असा अनुभव जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना नवा नाही. अरण्यात दुसऱ्या दिवसासाठी राखलेल्या मान्न्याचे काय झाले, ते वाचकांना ठाऊकच आहे. ज्याला आपण भविष्याची तरतूद म्हणतो, ती कधी कधी वर्तमानाची नासाडी असते.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आणून दिली ती एका लेथवाल्या मिस्त्रींनी. झिजलेल्या भागावरून नवा भाग नेमका बनवता येत नाही, कारण झिजलेली मापे खोटी असतात. कोरा नमुना हाती असेल तर त्यावरून मापे घेऊन दांडा कातता येतो, बाजारातील जवळच्या मापाचे बेअरिंग बसवता येते, आतला पंखाही ओतून घेता येतो. म्हणजे खोक्यात बंद असलेला पंप हा एकच पंप. पण लेथवर चार दिवस गेलेला पंप अनेकांच्या उपयोगी पडू शकतो. क्युबा बेटावर १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी व्यापार तुटला, तरी तेथील लोकांनी पन्नासच्या दशकातील अमेरिकी मोटारी साठ वर्षांहून अधिक काळ चालवल्या. कोणाही एकाचा साठा इतका काळ पुरला नसता. घरोघरीची कारागिरी, दुसऱ्या गाड्यांचे जुळवून घेतलेले भाग आणि आपसांतील देवघेव यांवर त्या गाड्या चालल्या.

सरतेशेवटी पंप उदगीरला गेला, परंतु लेथवरून. त्याची मापे कागदावर उतरवून घेतली. गृहस्थांनी बदल्यात आपला झिजलेला पंप दिला. मिस्त्रींनी त्यात नवा दांडा, बेअरिंग व सील बसवले, आणि तो आता त्याच फळीवर, त्याच खोक्यात आहे. तो किती वर्षे चालेल याची हमी मिस्त्री देत नाहीत. वडिलांचा शब्द मोडला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी गाडी चालती ठेवण्यास सांगितले होते, खोके बंद ठेवण्यास नव्हे.

किमतीचाही प्रश्न निघाला. एखाद्या श्रीमंत शौकिनाने पंपाला दसपट दाम दिले असते. अडलेल्याकडून तो मागेल ते देतो म्हणून घ्यावे काय? आम्हा सर्वांचे मत पडले की, मूळ किंमत, इतक्या वर्षांत रुपयाच्या मोलात पडलेला फरक आणि जपणुकीचा खर्च इतके घेणे न्याय्य आहे. त्यापुढील रक्कम ही वस्तूची किंमत नसून समोरच्या माणसाच्या अडचणीची किंमत होय; आणि दुसऱ्याची अडचण ही आपल्या मालकीची वस्तू नाही.

या हौसेला मर्यादाही असली पाहिजे, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. खिडकीचा दांडा तारेने बांधून चालेल. ब्रेकमध्ये 'सध्या चालते' असे काही बसवणे चालणार नाही, कारण रस्त्यावर जाणाऱ्या लेकराने आपल्या हौसेसाठी धोका पत्करलेला नाही. पद्मिनीच्या चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत आणि १९८२ च्या गाडीला धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, तेव्हा पुष्कळांनी कुरकुर केली. शुल्काविषयी काही म्हणा. परंतु तपासणी टाळून गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे जुन्याची निष्ठा नव्हे. ज्या दिवशी सुरक्षित ब्रेक मिळेनासे होतील, त्या दिवशी ती गाडी उभी करावी आणि तिचे चांगले भाग दुसऱ्यांना द्यावेत. तिचा तोही एक उपयोगच आहे.

भाग कातून घेता येतात, परंतु कार्बोरेटरचा स्क्रू फिरवताना नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारा कान कोठल्या लेथवर कातणार? असे वृद्ध मिस्त्री प्रत्येक शहरात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांतील काही जण आपली खुबी कोणाला सांगत नाहीत, कारण तीच त्यांची भाकर आहे. त्यांना दोष देण्याआधी आपण त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला वेतन देण्यास तयार आहोत काय, याचा विचार करावा. उदगीरच्या त्या मुलाला आमच्या स्नेह्यांनी पंपाबरोबर मिस्त्रींचा पत्ताही दिला. आता तो महिन्यातून एकदा शनिवारी हैदराबादला येतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारी बसून ऐकण्याचा सराव करतो.