पाटाचे पाणी

व्याकरण-महाभाष्यात पाटाचा एक मोठा गोड दाखला आहे. पाट काढतात भातासाठी. पण त्याच पाटाचे पाणी लोक पितात, त्यातच आचमन होते, आणि भातही पिकतो. पाठशाळेत गुरुजींनी हे सांगितले तेव्हां आम्हांस हसू आले. आमचे बालपणच पाटाच्या काठी गेलेले. घराच्या परसाला लागून पाट. वडिलांची संध्या, आईचे धुणे, गुरांचे पाणी, सारे तिथेच.

हा पाट साक्री तालुक्यातला, पांझरा नदीवरचा. पांझरेवर, आणि नाशिकच्या बाजूस मोसम व आरम या नद्यांवर, ही फडपद्धत तीनशे वर्षांहून जुनी आहे. नदीस दगडी बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि चाऱ्यांवर फड. फडात मालक पुष्कळ, पण पीक एकच. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, कोणता पडीक ठेवायचा, हे गावाने बसून ठरवायचे. पाटाचा गाळ सर्वांनी काढायचा. पाणी द्यायला बारेकरी. आमच्याकडे मालकाने दाराला हात लावायचा नाही. वरची धरणे झाली, विहिरी झाल्या, आणि कितीतरी फड मोडले. काही अजून चालू आहेत.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउलींनी माळ्याच्या पाण्याचा दृष्टांत दिला आहे. माळी वळवील तिकडे पाणी मुकाट्याने जाते. इकडेच जाईन, हा त्याचा हट्ट नाही. भक्ताने तसे व्हावे. कीर्तनात हा दृष्टांत आम्ही फार रंगवून सांगत असू.

१९९६ सालची गोष्ट. माघ वद्य एकादशी होती, देवळात आमचेच कीर्तन. आमचा गहू पाण्याला आलेला, आणि बारी होती फडाच्या अगदी शेवटच्या टोकाच्या एका म्हातारीची. देवळात जाता जाता आम्ही फावड्याने आमचे दार मोडले. म्हटले, घटकाभर जाऊ द्यावे, परतताना लावून घेऊ. काळोखात कोण पाहतो? आणि मग उभे राहून तोच दृष्टांत सांगितला! लोक डोलले. आम्हीही डोललो, हे लपविण्यात अर्थ नाही.

आरती झाली, भेटाभेटी सुरू झाल्या. बारेकरी पाया पडला. वारकरी रीतीने आम्हीही त्याच्या पायांस हात लावला. हाताला ओला चिखल लागला. तो हळूच म्हणाला, “महाराज, दार लावलं. आजीच्या निम्म्या वाफ्यांना पाणी गेलं, निम्मे कोरडे राहिले. तिची बारी संपली.” दुसऱ्या कोणास त्याने हे कधी सांगितले नाही.

पहाटे आम्ही म्हातारीच्या ओट्यावर गेलो. गुन्हा कबूल केला. वाटले होते, बाई रागावेल, नाहीतर “असू द्या, पाणी देवाचंच” म्हणून आमची सुटका करील. ती आपल्या अहिराणीत म्हणाली, “पानी ते पांडुरंगनं शे, बुवा, पन बारी ते मनी व्हती.”

महाभाष्य शिकलेल्या आम्हांस यावर उत्तर सुचले नाही. पाण्याला हट्ट नसतो हे खरेच. हट्ट दाराशी उभा असतो, फावडे घेऊन, कपाळी बुक्का लावून.

पुढची आमची बारी आम्ही तिच्या नावे केली. पाणी आले तेव्हां आम्ही तिच्या बांधावर उभे होतो. पण तोवर त्या निम्म्या वाफ्यांतल्या ओंब्या वाळून हलक्या झाल्या होत्या.