'चालत नाही' म्हणजे काय?

कोथरूडला डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या घरी २००८ साली घेतलेला कम्प्युटर आहे. एक जीबी रॅम. विंडोजपुढे त्यानं कधीच मान टाकली होती. बाबा म्हणाले, "भंगारवाल्याला दे, टेबल तरी मोकळं होईल." एका रविवारी मी पेन ड्राइव्ह लावून त्यावर 'हायकू' टाकलं. थोड्या वेळात निळा डेस्कटॉप उघडला आणि खिडक्या पटापट उघडायला लागल्या.

हायकू म्हणजे विंडोज नाही आणि लिनक्सही नाही. नव्वदच्या दशकात 'बी' नावाच्या अमेरिकन कंपनीनं बीओएस काढली होती. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पामनं विकत घेतली आणि बीओएस थांबली. त्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी ती नव्यानं लिहायला घेतली. २००४ मध्ये नाव ठेवलं हायकू. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला तोच जपानी काव्यप्रकार. सप्टेंबर २०२४ मध्ये पाचवी बीटा आली. तेव्हा तेवीस वर्षांनंतरही पहिली आवृत्ती पक्की नव्हती, आणि बहुतेक काम स्वयंसेवकांचं.

मित्र विचारतात, "उपयोग काय?" खरं सांगायचं तर फारसा नाही. आमचा प्रिंटर त्यावर चालत नाही. बँकेची कामं मी फोनवरच करतो.

मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. मी एका कंपनीच्या आयटी विभागात काम करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. आमचे चाळीस कम्प्युटर त्यात बसेनात. भंगाराची यादी मीच केली. प्रत्येकापुढे कारण लिहिलं : 'चालत नाही.'

म्हणजे घरी एक वाचवायचा आणि ऑफिसात चाळीस मोडीत काढायचे. हा छंद, की स्वतःच्या मनाची समजूत?

कंपनीची बाजूही खरी आहे. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या मशिनवर लोकांचे पगार आणि पॅन नंबर ठेवणं बेजबाबदारपणाच. पण मी लिहिलेलं कारण खोटं होतं. ते कम्प्युटर चालत होते. आम्ही ते चालवणार नव्हतो. 'चालत नाही' म्हटलं की दोष यंत्राचा होतो आणि विषय संपतो. 'चालवत नाही' म्हटलं की निर्णय घेणारं माणूस दिसायला लागतं. इथे ते माणूस मी होतो.

मी यादी परत घेतली आणि लिहिलं : 'चालू स्थितीत. विंडोज ११ बसत नाही.' मॅनेजरनं वाचून विचारलं, "मग भंगारात कशाला?" शेवटी डिस्क पुसून, लिनक्स टाकून बारा मशिन एका अभ्यासिकेला दिली. उरलेली अठ्ठावीस भंगारातच गेली. त्यांच्यासाठी वेळ काढायला कुणी तयार नव्हतं. मीसुद्धा नाही.

बाबांचं टेबल मात्र अजून अडलेलंच आहे.