निसर्गाचा सफाई कामगार



‘गिधाड म्हणजे निसर्गाचा सफाई कामगार.’ हे वाक्य वर्तमानपत्रात सापडतं, जंगलखात्याच्या माहितीत सापडतं आणि फणसाडच्या जंगलात गाइडच्या तोंडीही सापडतं. वाक्य साधं आहे. म्हणणाऱ्याच्या पोटात पाप नाही, उलट तो त्या पाखराचं कौतुक करतोय. पण आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या गुलामीचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात बसलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे. ते मांडतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर भांडा.

आधी सहलीचं सांगतो, कारण सहल हा शब्दच आपल्या घरात नवा आहे. आपली माणसं फिरली नाहीत असं नाही. दुष्काळ पडला तेव्हा फिरली, काम संपलं तेव्हा फिरली. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला, भीमा कोरेगावला जातात. पण नुसतं बघायला म्हणून कुणी गेलं नाही. सांगवीतल्या आमच्या खोलीत मी आजीला म्हणालो, जंगल बघायला चाललोय. ती म्हणाली, ‘कशाला, सरपण आणाया?’ ती १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली बाई आहे. जंगल म्हणजे डोक्यावरचा भारा आणि डोंगर म्हणजे हातातला घण, एवढंच तिला ठाऊक. निव्वळ डोळ्यांसाठी काही असतं हे तिला कुणी कळू दिलं नाही.

म्हणून सहलीला मी चैन म्हणत नाही. मोकळा वेळ हा हक्क आहे, आणि तो भांडून मिळालेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगार गोळा केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज चाकणच्या पट्ट्यात ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या पोराला रविवार म्हणजे बिनपगारी खाडा वाटतो. पण तो खाडा नाही. त्याच्या मागे दोन माणसांची आणि हजारो कामगारांची झुंज आहे.

तर आम्ही अकरा जण, एकाच रोलिंग मिलच्या भट्टीवरचे. वर्गणी काढली. एजंटाच्या कागदावर लिहिलं होतं : ‘जंगल आणि समुद्र, अर्धा दिवस, गाइडसह’. शनिवारी सेकंड शिफ्ट सुटली तसे टेम्पोत बसलो. ताम्हिणी घाट झोपेत उतरलो आणि उजाडता रायगड जिल्ह्यातल्या फणसाडला पोचलो. सकाळी जंगल, दुपारी मुरूड, मग परत, कारण सोमवारी फर्स्ट शिफ्ट.

जंगल बघून आनंद झाला, हे लपवायचं कारण नाही. झाडाच्या शेंड्यावरून एका उडीत पलीकडं गेलेलं शेकरू बघून आम्ही अकराही जण पोरासारखे ओरडलो. आठ तास लालबुंद सळईकडं बघणाऱ्या डोळ्याला हिरवा रंग औषधासारखा लागतो. तिथं पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडला.

मग गाइडनं आभाळात बोट केलं. फार वर एक गिधाड गोल फिरत होतं. गाइड जवळच्या गावातला पोरगा, आमच्याच वयाचा. त्यानं सगळं नीट सांगितलं. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत. ते औषध अंगात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात शंभरात एकही उरली नाहीत. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. आता उरलेल्या गिधाडांना चांगलं खाणं मिळावं म्हणून मेलेली ढोरं जंगलात आणून टाकतात. त्या जागेला गिधाडांचं रेस्टॉरंट म्हणतात. हे सांगून झालं आणि मग ते वाक्य आलं : निसर्गाचा सफाई कामगार.

मी विचारलं, ‘मेलेलं ढोर इथवर ओढून कोण आणतं?’

तो म्हणाला, ‘आणतात माणसं.’

‘कोणती माणसं?’

‘असतात.’

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला जे पाठ करून दिलं ते तो सांगतो, त्याचं पोट त्यावर आहे. पण बघा, पाखराचं नाव सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं, मूत्रपिंड सांगितलं. माणसाशी आल्यावर मात्र ‘असतात’. आपला सगळा इतिहास या ‘असतात’मध्ये गडप झालेला आहे.

आता मुद्दा. गिधाड सफाई करत नाही. गिधाड जेवतं. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले रोगजंतू मरतात. पण गावावर उपकार करावा म्हणून ते उतरत नाही, भूक लागते म्हणून उतरतं. त्याला हजेरी नाही, मुकादम नाही. ‘उद्यापासून येत नाही’ असं म्हणायची सोयही नाही आणि गरजही नाही. सफाई हे माणसाचं काम आहे. त्याला पगार असतो, त्याला नकार असतो, त्यासाठी संप असतो. मग माणसाचा शब्द पाखराला का चिकटवायचा?

तुम्ही म्हणाल, अरे, बोलायची पद्धत आहे ती. पद्धतच तर तपासायची आहे. आधी माणसाच्या समाजातला एक शब्द उचलायचा आणि निसर्गावर डकवायचा. मग निसर्गाकडं बोट दाखवून म्हणायचं, बघा, हे तर निसर्गातच आहे! जाताना शब्द माणसाचा असतो, येताना त्यावर निसर्गाचा शिक्का बसलेला असतो. पुरुषसूक्तात हेच झालं. समाजाच्या चार उतरंडी आधी एका देहावर चढवल्या : तोंड, बाहू, मांड्या, पाय. मग तोच देह दाखवून सांगितलं, पायानं पायाचं काम करावं, यात अन्याय कसला? पाय कधी डोक्याशी भांडतो काय? नाही भांडत. कारण पाय म्हणजे माणूस नव्हे. पण ज्याला पाय ठरवलं तो माणूस होता.

‘संतुलन’ हा असाच दुसरा लाडका शब्द. जंगलात संतुलन असतं, प्रत्येकाची जागा ठरलेली असते. जंगलापुरतं मान्य. पण गावगाड्याबद्दलही हेच बोललं गेलं. महारानं मेलेलं ढोर ओढायचं, पडाचं मांस खायचं, वतन म्हणून त्याचा अभिमान बाळगायचा. गाव स्वच्छ, सगळं कसं संतुलित! हे संतुलन बाबासाहेबांनी मोडलं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, ढोरं ओढणं सोडा, असं त्यांनी सांगितलं. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. गावोगाव आपल्या माणसांनी दोर टाकून दिला, तेव्हा बहिष्कार पडले, मारहाण झाली. गिधाडाला कुणी कामावर येत नाहीस म्हणून मारल्याचं ऐकलंय कधी? म्हणजे गावालाही पक्कं ठाऊक होतं की हा निसर्ग नाही, ही जबरदस्ती आहे. नैसर्गिक गोष्टीला काठी लागत नाही.

काठी अजून आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना बांधून झोडपलं. काम नाही केलं म्हणून मार आणि केलं म्हणूनही मार. त्यानंतर तिथल्या आपल्या बांधवांनी मेलेली जनावरं उचलायलाच नकार दिला, सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. काल ज्यांना हे काम दिसत नव्हतं त्यांना वास आल्याबरोबर दिसलं.

इथं एक मित्र मला अडवतो. तो म्हणतो, काम गरजेचं आहे की नाही ते सांग. गिधाडं गेली तेव्हा ढोरं उघड्यावर सडली, पाणी नासलं, भटकी कुत्री वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की, २००० ते २००५ या काळात त्यामुळं देशात दरवर्षी लाखभर माणसं जास्त मेली. मग हे काम सगळ्यांनीच सोडलं तर कसं व्हायचं?

प्रश्न खरा आहे, टाळून चालणार नाही. काम गरजेचं आहे, हे शंभर टक्के मान्य. पण गरज सगळ्यांची असेल तर ओझं एकाच जातीचं का? गरजेच्या कामाला यंत्र द्या, हातमोजे द्या, पुरा पगार द्या, आणि ते करणाऱ्याला सोडून जायची वाट द्या. हाताने मैला उचलण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी माणसं गटारात गुदमरून मरतात. मेल्यावर त्यांना शूर म्हणतात. कौतुक ही फार स्वस्त मजुरी आहे. गांधीजींनीही भंगीकामाला पवित्र म्हणून गौरवलं. बाबासाहेबांनी तो गौरव नाकारला, कारण पवित्र म्हटलेलं काम माणसाच्या गळ्यात आणखी घट्ट बसतं.

आता समुद्राकडं वळू, कारण या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथं आहे. आम्ही ज्याला निसर्ग म्हणून बघून आलो ते फणसाडचं जंगल कधीकाळी मुरूड जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. अभयारण्य झालं ते १९८६ साली. म्हणजे जंगलसुद्धा नुसतं उगवलेलं नाही. कुणी आत यायचं आणि कुणी नाही, हे हुकमानं ठरलेलं आहे.

हा नवाब कोण? सिद्दी. सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यातले कितीतरी गुलाम म्हणून दर्यापार आणले गेले, विकले गेले. असाच विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं मोगलांना जेरीस आणलं. जंजिरा तर कुणालाच जिंकता आला नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीतनं जाताना तट अंगावर येतो. दरवाज्याशी दगडात एक वाघ कोरलाय, त्यानं हत्ती धरलेत. खाऱ्या समुद्राच्या मधोमध आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. होडीवाला पाऊण तासाची मुदत देतो. तेवढ्यात तोफा बघायच्या, फोटो काढायचे.

मी तिथं एवढंच ताडलं : जन्मानं कुणाचं काम ठरतं म्हणणाऱ्यांना हा किल्ला दगडी उत्तर आहे. बाजारात विकलेली माणसं सिंहासनावर बसली. निसर्गानं त्यांना गुलाम केलं नव्हतं, बाजारानं केलं होतं.

पण दोस्तहो, गोष्ट इथं संपत नाही. सुरुवातीला सिद्दी सरदार मिळून आपला प्रमुख निवडत. पुढं गादी बापाकडून मुलाकडं जाऊ लागली. ज्यांनी जन्माचा कायदा मोडला त्यांच्याच घरात जन्माचा कायदा आला. कोळ्यांनी त्या बेटावर पहिला लाकडी मेढेकोट उभारला होता, ते खाली मासळी मारत राहिले. कातकरी रानात लाकूड तोडत राहिला आणि शिकार नवाबाची झाली. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आणि याच हबशांच्या रक्ताची माणसं कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या जंगलात मजुरी करत राहिली. त्यांना अनुसूचित जमातीत घ्यायला २००३ साल उजाडलं. हे मी सिद्दींना नावं ठेवायला लिहीत नाही. आपल्याला लागू आहे म्हणून लिहितो. आपल्यातला एखादा साहेब होतो, नगरसेवक होतो, ठेकेदार होतो. मग तो आपल्याच पोरांची हजेरी कापतो आणि आपण टाळ्या वाजवतो की आपला माणूस वर गेला. खुर्चीवरचा माणूस बदलला, खुर्ची तीच राहिली. गुलामाचा नवाब होणं म्हणजे गुलामी संपणं नव्हे.

मग काय करायचं? त्याचं उत्तरही याच रायगड जिल्ह्यात आहे. किल्ल्यातल्या गोड्या तलावाभोवती तट आहे. महाडचं चवदार तळं कायद्यानं १९२४ सालीच सगळ्यांना खुलं झालं होतं, तरी त्याच्याभोवती न दिसणारा तट होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. मार खाल्ला, कोर्टात लढले, १९३७ साली हायकोर्टात जिंकले. त्यांनी ‘तळं आता आमचं’ असं म्हटलं नाही. तळं सगळ्यांचं आहे, म्हणून आमचंही आहे, असं म्हटलं. मालक बदलणं वेगळं आणि मालकीच मोडणं वेगळं. जंजिरा आणि महाड यांत हा फरक आहे.

तेव्हा सहलीला जा. जरूर जा, म्हाताऱ्या आईबापांना, आज्यांना घेऊन जा. जंगल आपलंही आहे, समुद्र आपलाही आहे. रविवार तर आपण मिळवलेलाच आहे. गिधाडं जगली पाहिजेत, त्यांच्यासाठी चार पैसे मागितले तर द्या. पण कुणी कुठल्याही पाखराकडं, झाडाकडं, मुंगीकडं बोट दाखवून माणसाची जागा शिकवू लागला, तर तिथंच थांबवा आणि विचारा : हे ओढून कोण आणतं? ‘असतात माणसं’ एवढ्यावर हलू नका. नावं येईपर्यंत विचारा.

माझ्या मांडणीत कुणाला खोट दिसली तर पुढच्या अंकात लिहा. उत्तर द्यायला मी आहे.

जयभीम.