सपाट रस्ता, आडवा वारा

सपाट टप्प्याचा नकाशा आला की मी चढ नाही, वाऱ्याची दिशा बघतो. २०१५च्या टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा: उट्रेख्त ते झीलंडचा किनारा, १६६ किलोमीटर. आडव्या वाऱ्यात सायकलपटू तिरकी रांग धरतात. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा, बाकीचे तुटतात. किंताना त्या दिवशी फ्रूमच्या १ मिनिट २८ सेकंद मागे पडला. पॅरिसला टूर हरला १ मिनिट १२ सेकंदांनी.

हे नुसतं नशीब? मला नाही पटत. वारा हातात नसतो, वेळेत पुढे सरकणं असतं. पण सगळेच सरकले तरी जागा तेवढीच! म्हणून जिंकणाऱ्याला दाद द्यावी, मागे राहिलेल्याला मात्र आळशी म्हणू नये.