सही आणि संमती

एडवर्ड गिबन वेकफिल्ड हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे इंग्रजांच्या वसाहती वसवण्यामागे ज्यांची डोकी होती, त्यांतला हा एक प्रमुख. पुढे तो न्यूझीलंडच्या पहिल्या संसदेतही निवडून गेला. मला मात्र त्याच्या चरित्रातला संमतीचा प्रश्न विचार करायला लावतो.

१८२६ साली त्याने एलन टर्नर या श्रीमंत घरच्या १५ वर्षांच्या मुलीला, आई आजारी असल्याचा खोटा निरोप धाडून शाळेतून बाहेर काढले. वडिलांना दिवाळखोरीतून वाचवायचे तर हाच उपाय, असे भासवून तिच्याशी लग्न लावले. तिने होकार दिला होता. तरीही १८२७ साली संसदेने ते लग्न रद्द केले. एडवर्ड आणि त्याला साथ देणारा भाऊ विल्यम, दोघांना तीन-तीन वर्षांची कैद झाली.

तुरुंगातूनच एडवर्डने वसाहतीचे शास्त्र मांडले : ओसाड जमिनी फुकट न वाटता पुरेशा किमतीला विकाव्यात आणि त्या पैशातून मजूर न्यावेत. जमीन 'ओसाड' आहे की नाही, हे तिथल्या माणसांना कुणी विचारले नव्हते.

१८३९ साली न्यूझीलंड कंपनीने जमीन खरेदीसाठी पाठवले ते याच विल्यमला. आज जिथे वेलिंग्टन आहे तिथल्या माओरी प्रमुखांनी इंग्रजी खरेदीखतावर खुणा केल्या. मोबदला बंदुका, ब्लँकेटे, तंबाखू असा. दुभाषी होता एक देवमाशांचा शिकारी. त्याचे माओरी अगदी बेताचे.

कुणी म्हणेल, प्रमुखांनाही गोरे लोक हवेच होते. खरे आहे, व्यापारासाठी आणि शत्रूपासून संरक्षणासाठी हवे होते. पण शेजारी हवा असणे म्हणजे घर विकणे नव्हे. होकार होता, तो कशाला होता, हाच प्रश्न आहे.

एलनचे लग्न पुढच्याच वर्षी रद्द झाले. ते खरेदीखत वैध नव्हते, असा निष्कर्ष वैतांगी न्यायाधिकरणाने काढला तो २००३ साली, म्हणजे १६४ वर्षांनी. एलनचे वडील धनवान होते आणि दरबारची भाषा त्यांचीच होती, एवढाच काय तो फरक.

आपण दोन भाषांच्या मुलखातली माणसे. शेजारच्या आजीबाई परक्या लिपीतला कागद घेऊन येतात आणि विचारतात, "बाळ, सही कुठं करू?" मला वाटते, ती जागा दाखवण्याआधी कागद सबंध वाचून, समजावून सांगणे हा उपकार नव्हे. दोन्ही भाषा येणाऱ्यावर ते ऋणच आहे.