संशयापासून निर्णयापर्यंत : न्यायदर्शनाची रीत

न्याय हे सहा आस्तिक दर्शनांपैकी एक. अक्षपाद गौतमाची न्यायसूत्रे हा त्याचा मूळ ग्रंथ. त्यात पाच अध्याय असून प्रत्येकाची दोन आह्निके आहेत. सूत्रांची रचना इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतली मानली जाते. पुढे वात्स्यायनाने त्यांवर भाष्य लिहिले, उद्द्योतकराने वार्तिक, तर वाचस्पती मिश्राने त्या वार्तिकावर टीका. पहिल्याच सूत्रात गौतम सोळा पदार्थ सांगतो आणि त्यांच्या यथार्थ ज्ञानाने निःश्रेयस, म्हणजे परमकल्याण, साधते असे म्हणतो. या यादीत प्रमाण आणि प्रमेय आहेतच, पण संशय, तर्क, निर्णय, वितंडा आणि छलसुद्धा आहे. मोक्षाच्या वाटेवर वादविवादाच्या डावपेचांचे काय काम, असा प्रश्न त्यामुळे साहजिकच उभा राहतो.

त्याचे उत्तर दुसऱ्या सूत्रात आहे. दुःखाचे कारण जन्म, जन्माचे कारण प्रवृत्ती, प्रवृत्तीच्या मुळाशी दोष आणि दोषांच्या मुळाशी मिथ्याज्ञान, अशी ही साखळी. मुळातले मिथ्याज्ञान गेले की पुढचे एकेक कारण आपोआप गळून पडते. यातली प्रवृत्ती म्हणजे वाणीने, मनाने आणि शरीराने केलेली कृती. चुकीची कृती चुकीच्या समजातून निघते, म्हणून समज तपासण्याचे शास्त्र हे साधनेचेच अंग ठरते. वात्स्यायनाच्या भाष्याचा आरंभही याच मुद्द्यावर आहे : प्रमाणाने कळलेल्या गोष्टीवर विसंबून केलेली कृती फळाला येते, म्हणून प्रमाणाला महत्त्व. मोक्षासाठी घडवलेली ही रीत कचेरीतल्या किंवा घरातल्या निर्णयालाही लागू पडते ती यामुळेच.

विचाराची सुरुवात संशयापासून होते. जे मुळीच ठाऊक नाही त्याचा न्याय होत नाही आणि जे पक्के ठाऊक आहे त्याचाही होत नाही. संशय असेल तिथेच न्यायाला काम असते, असे वात्स्यायन म्हणतो. तिन्हीसांजेला दूर दिसणारी आकृती खांब की माणूस, हा त्याचा ठरलेला दाखला. उंची दोघांची सारखी, आणि फरक दाखवणारी खूण अजून दिसलेली नाही. संशय नेमका कशातून आला हे कळले की काय शोधायचे तेही कळते. दोन पर्यायांतला फरक दिसत नसेल तर अधिक माहिती मिळवायची. दोन जाणकारांची मते परस्परविरोधी असतील तर त्या मतांचे आधार तपासायचे. यालाच जोडून प्रयोजन येते. कशासाठी ठरवायचे हेच ठरलेले नसेल, तर उरलेली सारी चर्चा भरकटते.

माहितीचे मार्ग, म्हणजे प्रमाणे, चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. रोजच्या आयुष्यात सर्वांत जास्त भिस्त असते ती शब्दावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर. ज्याचे सांगणे प्रमाण मानायचे तो आप्त. त्याला विषयाचे साक्षात ज्ञान असावे, जसे कळले तसे सांगण्याची इच्छा असावी आणि त्याने त्या इच्छेनेच बोलावे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे वात्स्यायन स्पष्ट करतो. कुळाला किंवा पदाला इथे वजन नाही. गुंतवणुकीची योजना गळ्यात मारणारा एजंट नात्यातला असला, तरी त्याचे कमिशन त्या योजनेवर अवलंबून आहे तोवर दुसरी अट पुरी झाली की नाही याची शंका राहतेच.

अनुमान दुसऱ्याला पटवायचे तर त्याचे पाच अवयव मांडावे लागतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. सारा भार तिसऱ्या अवयवावर असतो. तिथे नुसता नियम चालत नाही, तो ज्यात दिसला असे उदाहरण द्यावे लागते. धूर आणि अग्नी यांच्यातल्या या न चुकणाऱ्या साहचर्याला व्याप्ती म्हणतात.

उलट दिशेने मात्र ही व्याप्ती टिकत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघायचा तर इंधन ओले हवे. या दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि कामाच्या ठिकाणचे पुष्कळ निर्णय तिच्याकडे लक्ष न गेल्याने फसतात. समजा, एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीच्या कापडात दोष जास्त निघतात. रात्रीचे कामगार लक्ष देत नाहीत, असा निष्कर्ष मालक काढतो आणि पगार कापायला निघतो. त्याच्या मनातली व्याप्ती अशी : जिथे दोष तिथे हलगर्जी. पण रात्रीच्या मागांवर चढणारे बीम दुसऱ्या, हलक्या सुताचे असतील तर? ताण्याचे धागे तुटतात ते सुतामुळे, आणि ते सूत नेमके रात्रीच वापरले जाते. इथे उपयोगी पडते ते अन्वय-व्यतिरेकाने तपासणे, म्हणजे एक असताना दुसरे असते का आणि नसताना नसते का हे पाहणे. आठवडाभर तेच सूत दिवसपाळीला द्यावे, आणि नंतर सूत पूर्ववत ठेवून फक्त कामगारांच्या पाळ्या बदलून पाहाव्यात. दोष सुताबरोबर सरकले तर कामगार सुटले.

याच तपासणीत तर्काचेही स्थान दिसते. न्यायमते तर्क हे स्वतंत्र प्रमाण नाही. एक पक्ष क्षणभर खरा मानून त्यातून न पटणारी गोष्ट निघते का, हे तो दाखवतो. हलगर्जी हेच कारण असते तर पाळी बदलल्यावर दोष त्या कामगारांबरोबर दिवसा आले असते. ते आले नाहीत. तर्काने एक बाजू दुबळी होते, पण शेवटचा कौल प्रमाणाचाच, इथे मोजलेल्या कापडाचा. पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तोलून जे निश्चित होते तोच निर्णय.

हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला तो हेत्वाभास. त्याचे पाच प्रकार रोज भेटतात. उमेदवार सफाईदार बोलतो म्हणून कामात तरबेज, हा सव्यभिचार. कारण कामात कच्चे असलेलेही सफाईदार बोलतात. कंपनी कर्ज काढून पगार देते म्हणून तिची स्थिती भक्कम, हा विरुद्ध. हेतू उलटच सिद्ध करतो. एका हेतूसमोर तितकाच सबळ उलटा हेतू उभा राहिला तर सत्प्रतिपक्ष. नव्या यंत्राने वीज वाचते म्हणून ते घ्यावे असे म्हणताना ती बचत कुणी मोजलेलीच नसेल, तर असिद्ध. आणि हिशेबाप्रमाणे तुळई भार पेलते, पण डोळ्यांना तडा दिसतो आहे, तिथे बाधित.

निर्णय चर्चेतून व्हायचा असेल तर चर्चा कोणत्या जातीची आहे हेही पाहावे लागते. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद. गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि मत्सर नसलेल्या जाणकारांशी तो करावा, असे सूत्रे सांगतात. जिंकण्यासाठी छल वापरून केलेला तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त खोडणे ही वितंडा. शेवटच्या दोघांनाही गौतमाने टाकून दिलेले नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालतात, तसा तत्त्वाच्या रक्षणापुरता त्यांचा उपयोग त्याने मान्य केला आहे. बैठकीत प्रत्येक प्रस्ताव खोडणाऱ्याला त्याचा स्वतःचा प्रस्ताव विचारला की वितंडा उघडी पडते.

आता आक्षेप. सगळे धूर आणि सगळे अग्नी कुणी पाहिले आहेत, मग व्याप्तीचा भरवसा काय, असे चार्वाक विचारतात. नैयायिक उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर असे की शंकेला मर्यादा असते आणि ती मर्यादा शंका घेणाऱ्याच्या वागण्यात दिसते. गंगेश उपाध्यायांनी ते आणखी उलगडले : धूर हवा असलेला माणूस अग्नीच आणतो, भूक लागलेला अन्नच घेतो. ज्या गोष्टीवर विसंबून माणूस वागतो, तिच्यावरच तोंडाने शंका घेणे हा व्याघात. म्हणजे संशय घ्यावा, पण ज्या शंकेने स्वतःच्याच कृतीला विरोध येतो तिथे तो थांबवावा. पूर्ण खात्रीची वाट पाहत निर्णय लांबवत राहणे हे न्यायाच्या दृष्टीने बुद्धीचे लक्षण नाही.

दुसरा आक्षेप वेदांताचा. निव्वळ तर्काला शेवटचा ठाव नाही, कारण एकाचा तर्क दुसरा अधिक हुशार माणूस मोडू शकतो, असे ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) आरंभीच्या गणेशरूपकात तर्क परशू आहे आणि वेदांत मोदक. तिथे तर्क हत्यार आहे, फळ नव्हे. नैयायिकांनाही तर्काची मर्यादा ठाऊक आहे. राग, द्वेष आणि मोह या तीन दोषांत मोह सर्वांत वाईट, कारण मोह नसेल तर उरलेले दोन्ही उपजत नाहीत, असे गौतम सांगतो. आणि चौथ्या अध्यायात यमनियम आणि योगाभ्यासही सुचवतो. हेतू निर्दोष आहे की नाही हे शास्त्र शिकवते, पण तो तपासायला बसण्याची तयारी शास्त्राबाहेरची आहे. मालकाने पगार कापायचे आधीच मनाशी ठरवले असेल, तर पाळ्या बदलून पाहण्याची सूचना त्याला पटणार नाही. म्हणून न्यायदर्शनात बुद्धीची शिस्त आणि मनाची शिस्त शेजारी शेजारी येतात, आणि चांगल्या निर्णयाला दोन्ही लागतात.